गावचा लोककला उत्सव उभा करताना: एका पेटीवाल्याची वही

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यात मोठी चूक केली ती स्टेज बांधायची. मागं फ्लेक्स, वर फिरते रंगीत लाइट, पुढं पाहुण्यांसाठी सोफे. एका संध्याकाळी सात कला, प्रत्येकाला दहा मिनिटं. नऊ वाजले तरी सत्कारच चालले होते. हलगीवाले मागं थंडीत उभे, आणि दवानं हलग्या सैल पडलेल्या. गोंधळ्यांनी देवीला बोलवायला सुरुवात केली तेवढ्यात साउंडवाल्यानं हौसेनं एको चढवला. दहा वाजता पोलिसांनी बंद करायला सांगितलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. वासुदेव मोरपिसांची टोपी घालून दोन तास बसून होता, त्याचा नंबरच लागला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मास्तर, मी पहाटंचा माणूस. मला रातीला कशाला बोलावलंसा?"

पुढच्या वर्षीची सगळी आखणी मी त्या प्रश्नावरून केली. गावातल्या प्रत्येक कलेला स्वतःची वेळ असते, स्वतःची जागा असते आणि ऐकणारी माणसंही ठरलेली असतात. ती तिघं जमवून आणणं म्हणजे उत्सव भरवणं. खाली लिहिलंय ते त्या क्रमानंच लिहिलंय.

मी सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात राहतो. भजनी मंडळात आणि जागरणात पेटी वाजवतो. पठ्ठे बापूराव आमच्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. त्यामुळं लोककलेचा अभिमान आमच्याकडच्या भाषणांत भरपूर सापडतो. वाजवणारी माणसं मात्र शोधावी लागतात.

हे काम वाजवणाऱ्यानंच का घ्यावं

यात्रा कमिटी आहे, ग्रामपंचायत आहे, तरुण मंडळं आहेत. तरी हे काम एखाद्या संगीतवाल्यानं अंगावर घेतलेलं बरं. सातारा जिल्ह्यातल्या औंधचा संगीत उत्सव १९४० साली अंतूबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केला. पुण्याचा सवाई गंधर्व १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंसाठीच उभा केला. दोघेही गवई. वाजवणाऱ्याला कळतं की दिमडीला माइक लागतो आणि हलगीला लागत नाही. चहा गाण्याआधी द्यायचा की नंतर, हेही त्याला सांगावं लागत नाही. शिवाय कलाकार त्याच्याशी भाव करताना लाजत नाहीत.

एक धोका मात्र आहे. आपण वाजवतो म्हणून सगळीकडं आपलं वाजवणं घुसवायचा मोह होतो. ओवीला पेटी, गोंधळाला पेटी, धनगरी ढोलाबरोबर पेटी आणि वर त्याला 'फ्यूजन' म्हणायचं. पेटीचे सूर ठरलेले असतात, ओवी म्हणणारी बाई स्वतःच्या सुरात म्हणते. तिला काळी दोनला, म्हणजे पेटीच्या ठरलेल्या पट्टीला, आणलं की ती गाणं विसरते आणि सूर शोधत बसते. कुणी मागितल्याशिवाय पेटीचा भाता उघडायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सहा महिने आधी: माणसं

कार्यक्रम आधी ठरवू नका, माणसं आधी शोधा. मी एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक कलाकाराला एक पान: नाव, वाडी, काय वाजवतो किंवा गातो, कुणाकडून शिकला, साथीला कोण लागतं, वाद्य स्वतःचं आहे का, वर्षातले कोणते महिने मोकळे, मोबाइल कुणाचा (बहुतेक वेळा नातवाचा). शेवटी एक रकाना: 'काय करणार नाही'. तो सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्याकडं पुढं येतो.

शोधायचं कुठं? लग्नात गोंधळ घालणारी घरं गावाला माहीत असतात. वाघ्या-मुरळीची जोडी कुठल्या भागातून येते ते जागरण घातलेल्या घरी विचारा. धनगरवाड्यावर एकदा फोन न करता जाऊन बसा. जात्यावरच्या ओव्या कुणाला येतात हे पुरुषांना विचारून कधीच कळत नाही. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना मात्र घर न् घर ठाऊक असतं. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. तेव्हा आमच्या आजीला काही येत नाही, असं नातवानं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कारखान्याच्या गाळप हंगामात गावाच्या कडेला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. बीडकडची ती माणसं चार-पाच महिने आपल्या शिवारात राहतात, आणि गावाच्या कुठल्याही कार्यक्रमात नसतात. दुसऱ्या वर्षी मी तिथं गेलो. एका मावशींनी तीन गाणी म्हणून दाखवली, ती आमच्या भागात मी कधी ऐकली नव्हती. वारसा फक्त सातबारा असलेल्यांचाच असतो असं नाही.

आता त्या शेवटच्या रकान्याबद्दल. एका जुन्या गोंधळ्यांना मी म्हणालो, "आबा, नुसतं पाच मिनिटं संबळ वाजवा, लोकांना दाखवायला." त्यांनी शांतपणे सांगितलं, "चौक मांडल्याबिगर संबळाला हात लावत न्हाय आम्ही." गोंधळ ही पूजा आहे. धान्यानं मांडलेला देवीचा चौक, घट, दिवटी, मग आवाहन. कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे, रेणुराई रेणुकेचे, त्यांच्या रीतीही वेगळ्या. पाच मिनिटांच्या तुकड्यात हे बसत नाही. एकतर पूर्ण करू द्या, नाहीतर त्यांच्याकडून गप्पा ऐका. दोन्ही चालतं.

दुसरा प्रसंग याच्याहून अवघड. हलगी उत्तम वाजवणाऱ्या घरातल्या एका तरुणाला विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्या आज्याला हे काम वाटणीला आलं होतं, त्यानं निवडलं नव्हतं. मी वाजवणार नाही." यावर समजूत घालायला बसू नका. हलगी, डफ, गावकीची वाजंत्री या सगळ्यांना जातीचं ओझं चिकटलेलं आहे, आणि 'वारसा' हा गोड शब्द वापरून ते झाकता येत नाही. ज्याला वाजवायचंय त्याला सन्मानानं आणि पैसे देऊन बोलवा. नाही म्हणणाऱ्याचा नकारही वहीत तितक्याच आदरानं लिहा. पोतराजाला अंगावर आसूड ओढून दाखवा म्हणणारे उत्साही कार्यकर्ते कमिटीत निघतात, त्यांना पहिल्याच बैठकीत गप्प करा.

तारीख: पंचांग, कारखाना आणि परीक्षा

तारीख ठरवताना कमिटी सुट्टी बघते. आपण कलाकारांचं वर्ष बघायचं. नवरात्रात गोंधळी मिळत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, मग पुन्हा गोंधळी आणि वाजंत्री अडकतात. चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, वाघ्या-मुरळी खंडोबाच्या ठाण्यांवर असतात, आणि पौषात कराडजवळ पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न असतं. गजी म्हणजे ढोलावरचा धनगरी नाच, ते गजी ढोलवाले धनगर ऑक्टोबरात पट्टणकोडोलीला, चैत्रात आरेवाडीच्या बिरोबाला. आषाढी-कार्तिकीला भजनी मंडळी वारीत. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, तेव्हा कुणीच मोकळं नसतं आणि सुपारीही दुप्पट.

हे सगळं कागदावर आडवं मांडलं की आमच्याकडं एकच खिडकी उरते: पालची यात्रा झाल्यावर आणि बारावीच्या परीक्षा सुरू व्हायच्या आधी, म्हणजे साधारण जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. थंडी असते, दव पडतं, ऊसतोडीची घाई असते. तरी तीच खिडकी. तुमच्या भागातलं गणित वेगळं निघेल, पण मांडायची रीत हीच.

दोन दिवस पुरतात. शनिवार दुपार ते रविवार रात्र. तीन दिवस केले की तिसऱ्या दिवशी फक्त कमिटी उरते.

वेळापत्रक: कोण, कधी, कुठं

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. आमचं दुसऱ्या वर्षापासूनचं वेळापत्रक असं असतं.

शनिवारी दुपारी तीनला देवळामागच्या ओवरीत जातं मांडतो. खरं जातं, खाली पोतं, सुपात जोंधळे. बायका आळीपाळीनं दळतात आणि ओव्या म्हणतात. माइक नाही, पुरुषांना प्रवेश ओवरीच्या बाहेरपर्यंत. पहिल्या वर्षी याच बायकांना माइकपुढं उभं केलं तर दोन ओळींत घसा कोरडा पडला होता. जात्याचा खुंटा हातात आला की आवाज आपोआप सुटतो, कारण ओवीची लय हाताच्या फेऱ्यातूनच येते.

साडेपाचला गावाच्या वेशीपासून हलगी, घुमकं, कैताळ आणि लेझीम. ही चालत वाजवायची वाद्यं आहेत, त्यांना रस्ता द्या. वाटेत तीन ठिकाणी थांबून डाव होऊ द्या. शेवटच्या थांब्याजवळ एक मोकळी जागा आणि शेकोटी ठेवा.

सातला चावडीपुढं शाहिरी: डफ, तुणतुणं, झांज. पोवाड्याला उभा श्रोता लागतो, लांबून येऊन थांबणारा. खुर्च्या टाकल्यात की तो बसतो आणि थंड होतो. साडेआठला जेवण. त्यानंतर देवळात भजन, दहाच्या आत.

रात्रीचं जागरण हा पेचाचा भाग. वाघ्या-मुरळीचं जागरण रात्रभर चालणारं. कायदा दहाला थांबवतो, आणि उघड्यावर नुसती वाद्यंसुद्धा रात्री चालत नाहीत, भोंगा असो वा नसो. आम्ही दहाच्या आधी लंगर (लोखंडी साखळी) तोडण्यापर्यंतचा भाग बाहेर करतो आणि पुढचं कथागीत समाजमंदिरात, दारं लावून, विनामाइक. साठ-सत्तर माणसं आत मांडीला मांडी लावून बसतात. मला विचाराल तर अख्ख्या उत्सवातला सगळ्यात चांगला तास हाच.

रविवारी पहाटे सहाला वासुदेव. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे सहाला अजून अंधारच असतो आणि नियमातही बसतं. वासुदेव गल्ल्यांतून फिरतो. प्रत्येक आळीत आदल्या दिवशी निरोप द्यायचा: दारात रांगोळी आणि सुपात मूठभर धान्य तयार ठेवा, मोबाइल घेऊन मागं पळू नका. पहाटे भविष्य सांगत फिरणारा पिंगळा मिळाला तर सहाला आधी त्याला सोडा, कंदील घेऊन, आणि वासुदेवाला त्याच्यामागून.

सकाळी दहाला शाळेच्या पोरांसाठी वाद्यांची ओळख. दुपारी बारानंतर काहीही ठेवू नका, माणसं रानात असतात. चारला माळावर धनगरी गजी. वर्तुळ मोठं लागतं, भंडारा उधळला जातो, म्हणून सतरंजी-गालिचे नकोत. मोकळी माती असेल तिथंच. संध्याकाळी सातला गोंधळ, पूर्ण, चौक मांडण्यापासून. त्यानं समाप्ती.

भाषणं? दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, हे तिन्ही शनिवारच्या जेवणाच्या पंक्तीत उरकतो. आमदार आले तरी तिथंच दोन शब्द, हातात पुरणपोळी. असं पहिल्यांदा केलं तेव्हा जरा रुसवे झाले. आता तेच म्हणतात की बरं वाटतं.

परवानग्या

दोन महिने आधी सुरुवात करा आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेचा ना-हरकत दाखला पहिला. तो असला की पुढची टेबलं लवकर हलतात. मग पोलीस ठाणे: कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी, मिरवणुकीचा मार्ग नकाशासह. पोलीस पाटलांना आधी विश्वासात घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: रात्री १० ते सकाळी ६ बंदी, आणि रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस गणेशोत्सव, नवरात्र वगैरेंतच बहुतेक संपतात. तहसीलमार्फत विचारून बघा, त्या आशेवर वेळापत्रक मात्र रचू नका. शाळा-दवाखान्याच्या १०० मीटर परिसरातली जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर आहे का, हे मैदान ठरवायच्या आधी विचारा. गावात पटांगण म्हणजे शाळेचंच असतं, म्हणून सांगतो.

महावितरणची तात्पुरती वीजजोडणी घ्या. आकडा टाकू नका. गुन्हा आहे हे तर आहेच, शिवाय दाब खालीवर होऊन साउंडची यंत्रं जळतात आणि ती भरून द्यावी लागतात.

संहिता असलेलं नाटक किंवा वगनाट्य ठेवणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र त्या संचाकडं आहे का ते बघा. तमाशाच्या मुरलेल्या फडांकडं असतं. हौशी मंडळांना ते माहीतही नसतं.

गाण्यांच्या हक्काचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि व्हिडिओ यूट्यूबवरून उडाला की सगळे विचारतात. पारंपरिक ओवी, गोंधळगीत यांना अडचण नाही. रचनाकार माहीत असेल तर तो वारल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या लावण्या मोकळ्या आहेत. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, त्यांच्या रचनांचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. विनातिकीट हौशी कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे, पण मानधन घेणारा संच असला की ती सूट गृहीत धरू नका, लेखी परवानगी मागा. सिनेमातलं गाणं लोकगीत म्हणून म्हणायचं असेल तर ते या उत्सवात नकोच.

पैसा

वर्गणी गोळा करायची तर नोंदणीकृत संस्थेच्या नावानं करा. तशी संस्था नसेल तर धर्मादाय कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालच्या परवानगीची चौकशी करा. गणेश मंडळं घेतात तीच. पावतीपुस्तकं क्रमांकित असावीत, आणि कुणाकडं कोणतं पुस्तक आहे ते वहीत असावं. एका वर्षी आमचं एक पुस्तक हरवलं. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पुस्तक एका कार्यकर्त्याच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली सापडलं. पण त्या पंधरा दिवसांत गावात जे बोललं गेलं ते अजून ऐकू येतं.

वाटणी मी अशी धरतो: शंभरातले किमान पन्नास रुपये कलाकारांना. जेवण आणि प्रवासाला पंचवीस. उरलेल्या पंचविसात साउंड, लाइट, मंडप, छपाई, सगळं. बहुतेक ठिकाणी हे बरोबर उलटं असतं. मंडपवाल्याला इसार आधी जातो आणि शाहिराला 'बघू, उरलं तर'. मंडप लहान करा. उघड्यावर, ओवरीत, चावडीपुढं कार्यक्रम केला की त्याचा खर्चच राहत नाही.

वस्तू मागितल्या तर गाव हात आखडत नाही. गुऱ्हाळवाला गूळ देतो, दूध संघाचा चेअरमन दूध, कुणी ज्वारी, कुणी ट्रॅक्टरभर सरपण. याच्याही पावत्या करा, किंमत न लिहिता, फक्त वस्तू. सरकारी मदतीसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालय आणि नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र इथं अर्ज करता येतात, पण ते पैसे आले तर पुढच्या वर्षाला धरा.

बिदागी ठरवताना कलाकाराला आकडा विचारा, आपण सांगू नका. ठरला की विडा-नारळ देऊन इसार द्या. उरलेली रक्कम त्याच रात्री पाकिटात, जेवणाच्या आधी. 'तुम्हाला मोठं व्यासपीठ मिळतंय' हे वाक्य कमिटीतल्या कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका.

आवाज

आता माझ्या आवडीचा भाग.

साउंडवाला लग्न आणि डीजेचा असतो. त्याला आदल्या आठवड्यात घरी बोलवा आणि चहा देऊन पाच गोष्टी सांगा. एको बंद. बास खाली. भोंगे श्रोत्यांच्या कानाच्या उंचीवर, गावाकडं तोंड करून नव्हे. संबळ, हलगी, गजी ढोल यांच्याजवळ माइक नेऊच नये. तुणतुणं, दिमडी आणि म्हाताऱ्या माणसांचा आवाज, यांना मात्र चांगला माइक हवा. साधा डायनॅमिक माइक, शुअर एसएम ५८ सारखा, पुरतो. महागडा कंडेन्सर उघड्यावर सगळं ओढून घेतो आणि शिट्टी वाजते.

गोंधळात संबळ आणि गाणारा शेजारी उभे असतात, तेव्हा गायकाच्या माइकमध्येच संबळ भरपूर येतं. गायकाला माइक तोंडाजवळ धरायला सांगा, म्हणजे साउंडवाल्याला आवाज चढवावा लागत नाही. भजनात पखवाजाला एक माइक, दोन्ही तोंडांच्या मधोमध, जरा वर. टाळांना माइक नको. वीस टाळ स्वतःच पुरेसे असतात.

शाहिरीच्या वेळी सूर एकदा लावून घ्या आणि मग पेटीवाल्यानं बाजूला बसावं. आमच्याकडं भजन काळी चारच्या आसपास चढतं, वयस्क बुवांना ते आता झेपत नाही, तेव्हा अर्धा-एक सूर खाली घ्यायला मीच सुचवतो. हे सर्वांसमोर नाही, आधी, कानात.

वाद्यांच्या खोलीत या वस्तू असल्याच पाहिजेत: पखवाजाच्या धुम्याला (डाव्या तोंडाला) लावायला मळलेली कणीक, पाण्याचा गडवा, कोरडा पंचा, वाद्या ताणायला हातोडी, दिवटीला गोडं तेल, भंडारा, जास्तीच्या संबळाच्या काड्या, सुई-दोरा. आणि बाहेर शेकोटी. हलगीचं कातडं शेकल्याशिवाय बोलत नाही, थंडीत तर दर अर्ध्या तासाला शेकावं लागतं. शेकोटीजवळ वाळूच्या दोन बादल्या आणि एक जागा माणूस. दिवटी घेऊन नाचणाऱ्या गोंधळ्याच्या डोक्यावर कापडी मंडप नको.

त्या दोन दिवसांत

तुम्ही स्वतः वाजवणार असाल तर व्यवस्था बघू नका, व्यवस्था बघणार असाल तर वाजवू नका. मी भजनाचा एक तास सोडून पेटी बंद ठेवतो.

प्रत्येक संचाला एक पोरगा किंवा पोरगी जोडून द्या. कॉलेजची मुलं हे मनापासून करतात. त्यांचं काम: उतरवून घेणं, चहा, वाद्यांची खोली, वेळेआधी पंधरा मिनिटं निरोप, जेवण, पाकीट, आणि गाडीत बसवणं. बायकांसाठी कपडे बदलायची बंद खोली आणि स्वच्छतागृह यांची किल्ली एका बाईकडंच ठेवा. हे नसलं की पुढच्या वर्षी मुरळी येत नाही आणि कारणही सांगत नाही.

निवेदकाला दोन वाक्यांची मुभा द्या: कोण आहेत, कुठून आले. शेरोशायरी नाही. हातातल्या कागदावर नावं बरोबर लिहून द्या. एका ज्येष्ठ गोंधळ्यांचं आडनाव आमच्याकडं चुकीचं पुकारलं गेलं, ते वाजवून झाल्यावर जेवायला थांबले नाहीत.

रेकॉर्डिंग करा, पण संमती आधी घ्या. आपल्या सादरीकरणावर कलाकाराचा स्वतःचा हक्क कायद्यानं ५० वर्षं असतो. आमचा कागद एका पानाचा आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात: रेकॉर्डिंग कुठं वापरणार, इंटरनेटवर टाकायचं की नाही, पैसे मिळाले तर वाटणी कशी. वाचून दाखवायचा आणि मग सही किंवा अंगठा. तिघी मावश्यांनी इंटरनेटला नाही म्हटलं. त्यांच्या ओव्या आमच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर आहेत, तिथं येऊन ऐकाव्या लागतात.

नंतरचे पंधरा दिवस

आठव्या दिवशी हिशेब चावडीच्या फळ्यावर. जमा, खर्च, शिल्लक, आणि वस्तूरूपी देणग्यांची यादी. फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ४१ क ची परवानगी घेतली असेल तर हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, तो रेंगाळू देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी अर्ज तिथंच अडतो.

प्रत्येक कलाकाराला सहभागाचं प्रमाणपत्र द्या, आणि त्यावर तारीख, ठिकाण, कलाप्रकार आणि संस्थेचा शिक्का नीट असू द्या. भिंतीवर लावायला नव्हे. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेत अर्ज करताना कला सादर केल्याचे पुरावे मागतात, आणि आयुष्यभर दारोदार वाजवलेल्या माणसाकडं एकही कागद नसतो. आम्ही आता उत्सवातच एक टेबल लावतो: आधार, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, जुने फोटो, सगळं तपासून अर्ज भरून द्यायचा. पेन्शनीत निघालेले एक गुरुजी ते टेबल सांभाळतात.

शेवटचं काम म्हणजे रेकॉर्डिंग घरोघरी पोचवणं. पेनड्राइव्ह देऊन उपयोग होत नाही, लावायचा कशाला? नातवाच्या मोबाइलमध्ये घालून द्यायचं आणि तिथंच बसून एकदा वाजवून दाखवायचं. वासुदेवाच्या घरी गेलो तर त्यानं ते पूर्ण ऐकलं, मधेच एका जागी हात वर केला आणि म्हणाला, "हितं चुकलो. तवा कुत्रं आडवं आलं हुतं. फुडच्या वर्षी वरच्या आळीनं जाऊ."

वहीत लिहून ठेवलंय: वरची आळी.